एकाच बटणात सगळं

बाबांची कपडा मिल बंद पडली त्याच सुमारास मला एका खाजगी कंपनीत नोकरी लागली. त्यात माझा दोष नव्हता, तरी बाबा दिवसभर घरी असताना मी डबा घेऊन निघायचो तेव्हा त्यांच्याकडे बघायचं टाळत असे. विणाई खात्यात मागांच्या खडखडाटात आयुष्य गेल्यानं त्यांना कमी ऐकू यायचं. म्हणून मी आणि धाकट्या भावानं मिळून राजेंद्र नगरच्या घरात होम थिएटर आणलं. मोठ्या स्पीकरवर बाबांना बातम्या नीट ऐकू येत.

पण टीव्हीचा रिमोट वेगळा, डीव्हीडीचा वेगळा, स्पीकरचा वेगळा. बाबा चुकीचा उचलत, दोनदा दाबून बघत आणि ठेवून देत. सुनांना किंवा नातवंडांना "लावून दे" म्हणणं त्यांना जमत नसे. घरात कुणी मोकळं नसलं तर ते बंद टीव्हीसमोर नुसते बसून राहत.

मग मी बाजारातून सगळ्यांसाठी चालणारा एक रिमोट आणला. "भिया, इसमें सब सेट हो जाएगा," दुकानदार म्हणाला. त्याला शिकवायची रीत मोठी गमतीची होती. जुना रिमोट आणि नवा रिमोट टेबलावर नाकासमोर नाक ठेवायचे, जुन्याचं बटण दाबायचं, की नवा ते पाठ करायचा. शिवाय एका लाल बटणात अनेक कामं ओळीनं भरता येत. मी त्यात भरलं: आधी टीव्ही चालू, मग स्पीकर चालू. बाबांनी एकच बटण दाबायचं.

मी दाबलं, दोन्ही चालू झालं. दुसऱ्या दिवशी बाबांनी दाबलं, तर स्पीकर लागला आणि टीव्ही बंद झाला.

"माझाच हात जड आहे," ते म्हणाले.

मी सेल बदलले. रिमोट पुन्हा शिकवला. माझ्यासमोर तो रोज बरोबर चालायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उलटा. मला त्या कोड्यानं झपाटलं. ऑफिसातून आलो की मी पुस्तिका उघडून टीव्हीसमोर मांडी घालायचो. बाबांसाठी करतोय असं मी सांगत होतो, पण खरं म्हणजे मलाच मजा येत होती.

"इंजिनियर साहेब," एकदा मागून बाबा म्हणाले, "तुमचा प्रयोग चालू द्या. बातम्या तर संपल्या."

तेव्हा लक्षात आलं, मी बसल्यापासून त्यांना टीव्ही बघायलाच मिळाला नव्हता. लाज वाटली. भाऊ म्हणाला, "दादा, वापस करून टाक ना यार."

तेवढ्यात आई आत आली आणि तिनं मला उठवलं. "झालं असेल तर सरक, बोर्डाचं बटण बंद करते."

"कुठलं बटण?"

"भिंतीवरचं. रोजच करते. तो लाल दिवा जळत राहतो ना, फालतू मीटर फिरतं."

मी तिथंच थांबलो. मग तिच्याचकडून बटण बंद करवलं, पुन्हा चालू करवलं. टीव्ही रिमोटशिवाय आपोआप लागला! स्पीकर मात्र झोपलेलाच. म्हणजे बाबा भिंतीवरचं बटण दाबायचे, टीव्ही उजळू लागायचा, आणि टीव्हीचा चालू-बंदचा इशारा एकच असल्यानं माझं लाल बटण चालू टीव्हीला बंद करायचं. मी मात्र टीव्ही रिमोटनंच बंद करून तपासायचो, म्हणून माझ्यासमोर सगळं बरोबर. चूक ना हाताची होती ना रिमोटची. आमच्या घरात रोज सगळं भिंतीपासून बंद होतं, हे मी धरलंच नव्हतं.

"मग मी बंद करू नको का?" आईनं विचारलं.

"नको कसं? करच. रोज कर."

मी लाल बटणातून टीव्ही काढून टाकला, फक्त स्पीकर ठेवला. आधी भिंत, मग लाल बटण. बाबांनी करून पाहिलं, पुन्हा करून पाहिलं.

काही दिवसांनी संध्याकाळी घरी आलो तर फाटकातूनच बातम्या ऐकू येत होत्या. बायको स्वयंपाकघरातून ओरडली, "मी नाही लावलं हं! मुलं पण बाहेर आहेत."

हॉलमध्ये बाबा एकटेच बसले होते. त्या दिवशी क्रिकेटचा सामना होता. मी शेजारी बसलो आणि हळूच म्हणालो, "बाबा, जरा स्कोर बघू का?"

त्यांनी रिमोट दुसऱ्या हातात घेतला, माझ्यापासून लांब.

"बातम्या संपू दे," ते म्हणाले.