दमट गावाला न्यायचं सामान

राजारामपुरीतल्या आक्काच्या खानावळीत मुले टिकत ती जेवणापेक्षा कपड्यांसाठी, असे आम्ही चेष्टेने म्हणत असू. श्रावणात खोल्यांतल्या दोऱ्यांवर टाकलेला शर्ट चार दिवस ओलाच राही आणि पाचव्या दिवशी त्याला कुबट वास सुटे. मग आक्का शेगडीत निखारे करी, त्यांवर राखेचा थर देई आणि कोंबड्या झाकायचे वेताचे डालगे त्यावर पालथे घाली. डालग्यावर आमचे कपडे पसरलेले असत. पोळ्या लाटता लाटता ती एका हाताने शर्ट उलटे करी. राधानगरीकडच्या तिच्या माहेरी पावसाळाभर कपडे असेच वाळत. आम्ही वर्गात गेलो की शहरातली मुले म्हणत, "गुऱ्हाळ आलं!" कारण आमच्या अंगाला धुराचा वास येई. आक्काला हे सांगितल्यावर ती म्हणाली होती, "धुराचा येतोय न्हवं? कुबट तर न्हाय की येत."

तिचे खरे नाव बनाबाई. नवरा जोतीराम महापालिकेच्या बससेवेत मेकॅनिक होता. तो लवकर गेला आणि आक्काने विजयसिंहांच्या घरातल्या वरच्या मजल्यावर, भाड्याच्या दोन खोल्यांत खानावळ काढली. गडहिंग्लज, राधानगरी, चंदगड इकडून शिकवणीच्या वर्गांसाठी येणारी मुले तिच्याकडे जेवत. मीही त्यांतलाच. पुढे मी त्याच गल्लीतल्या एका वर्गात शिकवू लागलो, चार घरे सोडून बिऱ्हाड केले आणि आक्काच्या तोंडी 'मास्तर' झालो.

शिकून झालेल्या मुलाला नोकरी लागली की त्याची बॅग आक्का भरी. याबाबतीत ती कोणाचे ऐकत नसे. थंडीच्या गावाला काहीही नेले तरी चालते, दमट गावाला मात्र बेताने न्यावे, असे तिचे म्हणणे. चामड्याची वस्तू न्यायची नाही, बुरशी धरते. कपडा उन्हातून काढून गरम असताना घडी करायचा नाही, त्याला आत घाम येतो. घड्यांमध्ये कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवायचा. आणि बॅग गच्च भरायची नाही. ती बॅगेत आपला पंजा उभा घालून पाही. "हात गेला पायजे. कापडालाबी दम घ्याला जागा लागती."

मुलगा रिक्षात बसला की आक्का केरसुणीला हात लावत नसे. घरातले माणूस गावाला गेल्यावर लगेच केर काढायचा नाही, ही रीत आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक असते. लगेच केर काढतात तो फक्त मयत घराबाहेर नेल्यावर. पण बहुतेक घरांत तासाभराने ही रीत विसरली जाते. आक्का मुलाचा 'पोचलो' असा फोन येईपर्यंत थांबे. तिचा स्वतःचा मुलगा पृथ्वीराज चेन्नईच्या मोटारींच्या कारखान्यात लागला, तेव्हा त्याचा फोन दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आला. तोवर शेंगांची टरफले आणि दोऱ्याचे तुकडे ओलांडत आम्ही जेवलो. फोन आल्यावर तिने पदर खोचला आणि म्हणाली, "हं, काढा आता."

टाळेबंदीत खानावळ बंद पडली ती पुन्हा नीट सुरू झालीच नाही. मुलांना आता मोबाइलवरून डबे मागवता येतात. आक्का दोन खोल्यांत एकटी राहू लागली. यंदाच्या जुलैत ती मोरीत घसरून पडली. माझी पत्नी अनुजा दुपारी ताक द्यायला गेली तेव्हा ती थंड फरशीवर पडून होती. हाड मोडले नव्हते, पण उठवत नव्हते. "हाक मारली की गं," ती अनुजाला म्हणाली, "पण खालच्या दवाखान्यात टोकनचा भोंगा वाजतोय सारखा. कुनाला ऐकू जातंय?"

दसरा झाल्यावर पृथ्वीराजचा फोन आला. दिवाळीला चेन्नईला ये, मी न्यायला येतो. आक्का हरखली. तिने आजवर कितीतरी मुलांच्या बॅगा भरल्या होत्या, पण आपली बॅग भरायचा प्रसंग तिच्यावर आला नव्हता. गल्लीत तिने सगळ्यांना सांगून टाकले की दिवाळी करून, सुनेच्या, क्रांतीच्या, हातचे खाऊन, तुळशीच्या लग्नाला परत यायचे. देवाला सांजवात लावायचे काम तिने अनुजाकडे दिले आणि तुळशीला पाणी घालायचे माझ्याकडे. "मास्तर, बुडवू नगासा तिला. तुमी पुस्तक वाचत तांब्या वततासा."

पृथ्वीराज विमानाच्या आदल्या दिवशी दुपारी आला. चाळिशी जवळ आलेला, बोलण्यात सावध. आम्ही दोघे तिथेच होतो, कारण अनुजा चकलीची भाजणी डब्यात भरत होती. आक्काने तळलेल्या चकल्या नेण्यास नकार दिला होता. दमट हवेत त्या मऊ पडतात, तिथेच तळू, असे तिचे म्हणणे. कॉटवर तिची बॅग उघडी होती. चार सुती पातळे, झंपर, टॉवेल, गोळ्यांची पिशवी. तिने आत पंजा घालून मुलाला दाखवला. "बघ. आजून जागा हाय."

"छत्री घेतलीस?" पृथ्वीराजने विचारले.

"दसरा झाला की रं. छत्री माळ्यावर गेली."

"तिकडं आत्ता लागतोय पाऊस. ऐन दिवाळीत पडतोय."

आक्का त्याच्याकडे पाहत राहिली, मग खळखळून हसली. "उलटंच गाव की तुझं! मग आकाशकंदील छत्रीखाली लावता व्हय?"

तोही हसला. मात्र ते हसणे लवकर आटोपले. तो कपाटाकडे गेला आणि एकेक घडी काढून कॉटवर ठेवू लागला. जरीचे लुगडे, संक्रांतीचे काळे पातळ, लोकरीची शाल.

"ह्ये कशाला? उकाडा हाय म्हनतोस आनि शाल?"

"असू दे की. मी दुसरी बॅग आनलीया."

"येताना वझं तुलाच उचलावं लागंल, मला काय."

तो आतल्या खोलीत गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात स्टीलचा डबा होता आणि डब्यात कापसावर देव्हाऱ्यातले देव ठेवलेले होते. जोतिबाचा, खंडोबाचा आणि अंबाबाईचा असे चांदीचे तीन टाक, अन्नपूर्णा, बाळकृष्ण.

"ह्यो डबा हातातल्या पिशवीत घ्यायचा," तो म्हणाला. "बॅगेत नको."

"देव?" आक्का म्हणाली. "देवाला अनुजा दिवा लावनार हाय. ठरलंय आमचं."

"त्यास्नी कशाला तरास?"

"मला कसला त्रास?" अनुजा म्हणाली. "चार घरं तर सोडायची."

पृथ्वीराज डब्याचे झाकण लावत राहिला. ते नीट बसत नव्हते. "क्रांतीनं देवाला जागा केलीया तिथं. सागवानी देव्हारा घेतलाय."

"कवा?"

"झाला म्हैना."

खाली दवाखान्यातला भोंगा वाजला. आक्का कॉटच्या कडेला बसली. तिने डबा मुलाच्या हातातून घेतला, मांडीवर ठेवला आणि झाकण एका दाबात बसवले.

"पृथ्वी, देव कवा पंधरा दिसांच्या गावाला जात्यात व्हय रं?"

अनुजाने माझ्याकडे पाहिले. आम्ही उठून जावे असे दोघांनाही वाटले असणार, परंतु उठणेही आता आवाज करण्यासारखे झाले होते.

"तू पडलीस तवा मी कारखान्यात लाइनवर कामाला हुतो," पृथ्वीराज खाली पाहून बोलू लागला. "फोन लॉकरात. बाहीर आलो तर सतरा मिस कॉल. तिथनं हितं याला मला दुसरा दिवस उजाडला, आई. वैनी त्या दिवशी ताक घिऊन आल्या नसत्या तर..."

"तर मेलो असतो. मग?"

"असं बोलू नगंस."

"खोली सोडलीस?"

"विजयसिंह काकांना सांगितलंय. दवाखान्याला वरच्या खोल्या पायजेत. त्यांनी वर्सभर थांबवून धरल्यात, आपल्यासाठीच."

"गावाला सांगितलं, मालकाला सांगितलं. मला सांगायचंच ऱ्हायलं."

"सांगितलं असतं तर आली असतीस?"

आक्काने विचार केला. खोटे बोलावे असे तिला वाटले असावे, पण तिला ते जमत नसे. "न्हाय," ती म्हणाली.

तिने रडावे किंवा भांडावे, म्हणजे काहीतरी करता येईल, असे पृथ्वीराजला वाटत होते, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होते. ती उठली. कॉटवरची बॅग तिने पालथी केली. सगळे कपडे, निंबाचा पाला, गोळ्या बाहेर आले.

"ही बॅग चुकलीया माझी," ती म्हणाली. "म्या दिवाळीपुरती भरलीया."

मग ती पुन्हा भरू लागली. इतरांसाठी बॅगा भरताना तिचा हात कधी अडखळलेला मी पाहिला नव्हता. त्या दुपारी ती एक वस्तू उचले, बॅगेत ठेवी, काढी, पुन्हा हातात धरून उभी राही. अनुजाने मदतीला हात पुढे केला, तेव्हा ती "ऱ्हाऊ दे" एवढेच म्हणाली. जरीचे लुगडे गेले. जोतीरामांचे खाकी जाकीट गेले. शेवटी तिने कोपऱ्यातली वाकळ उचलली. ती तिने स्वतः शिवलेली होती. खाली तिच्या आईची लुगडी, वर आम्ही मुलांनी मागे टाकलेले शर्ट. त्यात माझाही एक निळा चौकडीचा तुकडा होता.

"तिथं थंडी नसती, आई," पृथ्वीराज हलकेच म्हणाला. "पन पायजे तर घे. मी वजनाचं बघतो."

आक्काने वाकळ बॅगेवर ठेवून पाहिली. हाताने तिचा जाड थर दाबला. मग नाक लावून वास घेतला, जसा ती पावसाळ्यात डालग्यावरच्या कपड्यांचा घेई.

"नगं," ती म्हणाली. "दमट गावाला वाकळ टिकत न्हाय. आत थराथरांत वल धरती, बुरशी येती. एका पावसाळ्यात कुजंल." आणि ती अनुजाच्या मांडीवर ठेवत म्हणाली, "तुमच्यात ऊन येतंय. दिवाळीनंतर येकदा वाळीव."

डालगे तिने कोणाला दिले नाही. ते माळ्यावर छत्रीशेजारी होते. छत्री तेवढी तिने खाली काढून घेतली.

सकाळी दोन्ही बॅगा दाराशी आल्या. पृथ्वीराजने गुडघा देऊन मोठीची चेन ओढली. आक्काने चेनेच्या फटीतून पंजा घालून पाहिला. बोटांच्या पेरांपलीकडे तो गेला नाही.

"हात जात न्हाय बघ," ती म्हणाली.

"पोचल्यावर लगीच काढू सगळं," तो म्हणाला.

जिन्यात विजयसिंह भेटायला आले. त्यांनी आक्काला वाकून नमस्कार केला, "काय चुकलं असंल तर..." असे काहीतरी पुटपुटले. आक्का म्हणाली, "तुमचं काय चुकनार, पावणं." पंचवीस वर्षे ज्यांना ती 'मालक' म्हणत आली होती, त्यांना तिने त्या दिवशी पाहुणे म्हटले. विजयसिंहांच्या ते ध्यानात आले असावे, कारण ते बाजूला झाले.

रिक्षा उजळाईवाडीच्या विमानतळाकडे निघाली. देवांची पिशवी आक्काच्या मांडीवर होती, छत्री पायाशी. तिने मागे वळून खिडकीकडे पाहिले नाही. ती तुळशीकडे पाहत होती. तुळस मी आमच्या दारात आणून ठेवली होती.

खोलीला कुलूप लावून किल्ली मालकांना द्यायची म्हणून मी पुन्हा वर गेलो. दार उघडेच होते. विजयसिंहांनी पाठवलेली बाई केरसुणी घेऊन उंबऱ्यात उभी होती.

"झाडून घेतो, मास्तर. उद्या सकाळी रंगारी येनार हाय म्हनं."

"आत्ता नको."

"का? त्या तर गेल्या की."

"म्हणूनच."

बाईने माझ्याकडे पाहिले, आतल्या फरशीकडे पाहिले. फरशीवर निंबाची पाने पडली होती, सुतळीचे तुकडे, भाजणीची सांडलेली रेघ, गोळ्यांचे रिकामे पाकीट. "व्हय की," ती हळू म्हणाली, "माझ्या ध्यानातच न्हाय बघा." तिने केरसुणी दाराआड आडवी ठेवली आणि ती निघून गेली.

वर्ग संपवून संध्याकाळी मी पुन्हा त्या खोलीत जाऊन बसलो. कॉट पृथ्वीराजने आधीच कोणाला तरी देऊन टाकली होती, म्हणून खिडकीच्या कट्ट्यावर बसलो. देव्हाऱ्याच्या कोनाड्यात तेलाचा गोल डाग होता. अनुजा सवयीने सांजवात घेऊन दारापर्यंत आली, तिने कोनाड्याकडे पाहिले आणि ती निरांजन पदराआड धरून परत गेली.

दिवेलागणीनंतर आक्काचा फोन आला.

"मास्तर, पोचलो."

"प्रवास बरा झाला?"

"झाला. हितं पाऊस लागलाय. छत्री बरी घेतली." मागे कोणीतरी तिला न समजणाऱ्या भाषेत बोलत होते, लिफ्टचे दार लागल्यासारखा आवाज झाला. "क्रांतीनं समदं नीट केलंय. देव बसवलं. हवा लई चिकट हाय, मास्तर. कापडं अंगाला धरत्यात."

"होईल सवय."

"व्हईल." ती थांबली. मीही थांबलो. इतक्या वर्षांत फोन आल्यावर ती पुढे काय म्हणते, ते आम्हा दोघांना माहीत होते. अखेर मीच विचारले.

"आक्का, केर काढू का आता?"

फोनमधून पावसाचा आवाज आला.

"आजच्या दिवस ऱ्हाऊ दे की," ती म्हणाली.

"बरं," मी म्हणालो.

रंगारी सकाळी येणार होता. मी दिवा मालवला, फरशीवरची पाने चुकवत दारापर्यंत आलो आणि कुलूप लावले.