आजोबांची प्रदक्षिणा

बाळांनो, मध्ये काही महिने मी घरातली संध्याकाळची आरती बंद ठेवली होती. फोनवर तुम्हाला हे कधी सांगितलं नाही.

डॉक्टरांनी एमआरआय दाखवून समजावलं होतं. तोल सांभाळणारा लहान मेंदू आक्रसला आहे, आणि बारीक रक्तवाहिन्यांतून रक्त नीट पोचत नसल्यामुळे आजोबांची स्मरणशक्ती आणि समजही मंदावते आहे. त्यांना पडू देऊ नका, असं बजावलं. पण आजोबा पडायचे ते आरतीनंतरच. आरती संपली की हात जोडून आपण स्वतःभोवती फिरतो ना, तेव्हा. फिरू नका म्हटलेलं दुसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात राहायचं नाही, फिरणं मात्र लहानपणापासून अंगात मुरलेलं. एकदा कपाळाला खोक पडली, तेव्हा मी घंटाच कपाटात ठेवून दिली. ते भांडले नाहीत. तिन्हीसांजेला भिंत धरून देवघरासमोर उभे राहायचे आणि जेवायला वाढलं की ताट सरकवायचे. "आरती व्हायचीय अजून," म्हणायचे. अंगावरचे कपडे सैल होत चालले. देवाला हात जोडताना मला आता काही वाटेनासं झालं होतं.

नवरात्रात त्यांनी हट्टच धरला म्हणून औंधच्या देवीला नेलं. तिथे आरती संपली आणि माझ्या हातातून दंड सोडवून ते गर्रकन फिरले. झोकांडी गेली. मागच्या एका बाईने त्यांना दोन्ही हातांनी कवेत धरलं. कोणीतरी म्हणालं, "म्हातारं दारू लावून आलंय जनू!"

"त्वांड आवर रं!" बाई कडाडली. मग आजोबांना म्हणाली, "काय आबा, देवीम्होरं कुस्ती खेळता व्हय?"

आजोबा खुदकन हसले. मी तिला आजाराबद्दल थोडक्यात सांगितलं.

"मंग त्येंनी कशाला फिरायचं? आपुन फिरतो ते आतल्या देवाभवती. त्यो आबांच्यात न्हाई व्हय? आबा, तुमी खांब धरून उभं ऱ्हावा. आमी फिरतो."

हात जोडून ती त्यांच्याभोवती फिरली. "या मावशी," म्हणाली. मीही फिरले. आजोबा डोळे मिटून, समाधानाने उभे होते. नंतर त्यांनी प्रसादाचा शिरा द्रोण पुसून खाल्ला. मी आभार मानायला वळले तर बाई गर्दीत निघून गेली होती. तिचं नावही विचारायचं राहिलं.

घंटा पुन्हा देवघरात आली आहे. आजार हटलेला नाही. बोलणं अडखळतं, कधी माझं नावही आठवत नाही. पण आरती होते आणि ते जेवतात. पुढचं सगळं माझ्या हाती नाही, हे आता टोचत नाही. ते खुर्चीची पाठ धरून उभे राहतात, मी त्यांच्याभोवती फिरते. तेवढ्यात रोज, न चुकता, ते एक हात माझ्याकडे पुढे करतात.

"हळू गं," म्हणतात. "पडशील."