गार इंजिनाची साक्ष

ती सकाळ अजून माझ्या मनातून गेलेली नाही. मी तेव्हा शाहूवाडी भागातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. थंडीचे दिवस, भातं कापून झालेली, रस्त्यावर दाट धुकं. डेअरीला दूध घालायला निघालेल्या एका बाईंना मोटारीनं उडवलं आणि मोटार निघून गेली. मागून येणाऱ्या गावकऱ्यांनी त्यांना सरकारी दवाखान्यात पोचवलं. मांडीचं हाड मोडलं होतं, पण शुद्ध होती.

जबाब घ्यायला मी स्वतः गेलो. बाई विधवा, बोलायला खणखणीत.

"मावशी, गाडी कसली होती?"

"धुक्यात काय दिसतंय सायेब? पर आवाज ऐकला की. खोकत खोकत आली. मला पाडून जरा म्होरं गेली आन् बंद पडली. त्यानं चालू केली, परत बंद. मी वरडलो, 'पावणं, उचला की मला!' मग चालू झाली आन् गेली."

घटनास्थळी पंचनाम्यात दिव्याच्या काचेचे तुकडे मिळाले. त्या रस्त्याला कॅमेरा नव्हता. आसपासच्या गॅरेजवाल्यांकडून काही हाती लागलं नाही. मग खबऱ्याचा निरोप आला: रस्त्यापासून आत, शेताच्या कडेला एकट्या राहणाऱ्या माणसाच्या घरी फुटक्या दिव्याची गाडी आहे.

आम्ही पोचलो तेव्हा मालक त्याच गाडीतून नुकतेच बाजारातून परतत होते. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, पत्नी वारलेली. बोलणं अत्यंत सभ्य. "दिवा फाटकाला आपटून फुटला," ते म्हणाले. "अपघाताच्या आदल्या रात्री मी कोल्हापूरला मुलीकडे होतो. सकाळी उशिरा तिथूनच परत आलो."

त्यांच्या मुलीला फोन लावला, तिनं उचलला नाही. गाडी ताब्यात घेऊन हवालदारानं ती थेट दवाखान्याच्या खिडकीखाली नेली. इंजिन लोण्यासारखं चाललं होतं. बाईंनी कान देऊन ऐकलं आणि मान हलवली. "ही न्हवं. ही कुठं खोकतीया?"

आमचा उत्साह तिथंच मावळला. काचेचे तुकडे जुळतात का, या तपासणीसाठी गाडी ठाण्याच्या आवारात ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या हजेरीनंतर हवालदार ती बाजूला घ्यायला गेला. गाडी चालू झाली, गचके खाल्ले, बंद पडली. पुन्हा तेच. "सायेब, काल तर झ्याक हुती. रातीत काय झालं हिला?" तो बोनेटवर हात टेकून म्हणाला. बोनेट बर्फासारखं गार होतं. मी जागीच थांबलो. काल ती आमच्या हाती आली तेव्हा तापलेली होती!

पोलीस मोटार विभागाच्या मेकॅनिकला बोलावलं. त्यानं गाडीला यंत्र जोडलं. इंजिन थंडगार असताना यंत्रावर उकळत्या पाण्याच्या जवळपासचं तापमान दिसत होतं. तो म्हणाला, "सेन्सर गेलाय. इंजिन तापलंय असं गाडीला वाटतं, म्हणून ती पेट्रोल कमी सोडते. खरंखुरं तापलं की मग सुरळीत चालते." म्हणजे कोल्हापूरहून एवढं अंतर तोडून आलेली गाडी खोकली नसती. अपघाताच्या वेळी ती नुकतीच घरातून निघाली होती. गार इंजिनाच्या त्या आवाजाचं ध्वनिमुद्रण करून बाईंना ऐकवलं. त्यांनी डोळे मिटले. "हीच."

दरम्यान त्या गृहस्थांच्या मुलीचा उलट फोन आला. "बाबा? आमच्याकडे? ते कुठं येतात! आणि आम्हालाही जायला जमत नाही."

मालकांना चौकशीसाठी बोलावलं. इंजिनाचं सांगितलं, तर म्हणाले, "जुनी गाडी आहे, कुठंही बंद पडते." मी म्हणालो, "तुमच्या मुलीचा फोन आला होता."

ते एकदम सावरून बसले. "काय म्हणाली? बरी आहे ना?"

इतक्या वर्षांच्या नोकरीत साक्षीदारानं खोटं पाडल्यावर असा प्रश्न विचारणारा आरोपी मला दुसरा भेटला नाही. मी पाणी मागवलं. ते घोट घोट प्यायले आणि मग बोलत राहिले.

"पहाटे जाग आली की घरात बसवत नाही हो. गाडी काढतो, उगाच एक फेरी मारून येतो. त्या बाई हाका मारत होत्या. मी दार अर्धं उघडलं होतं. मला वाटलं, आता पोलीस, कोर्ट, आणि मागं उभं राहायला कोणी नाही. गाडी चालू झाली आणि मी गेलो. तेव्हापासून हे कुणाला तरी सांगावं असं वाटत होतं. पण सांगणार कुणाला?"

जबाबावर त्यांनी सही केली. जामिनावर सुटून निघताना त्यांनी विचारलं, "उद्या पुन्हा यावं लागेल का?" होकार दिला तेव्हा त्यांना बरं वाटल्यासारखं दिसलं. पुढं न्यायालयात त्यांनी गुन्हा कबूल केला, शिक्षा भोगली.

आरोपी सापडल्याचं सांगायला मी दवाखान्यात गेलो. बाईंच्या खाटेभोवती निम्मं गाव गोळा झालं होतं. त्या चिडतील असं मला वाटलं. चिडल्याच; चार शिव्या घातल्या. मग म्हणाल्या, "घरात कोण हाय त्याच्या?"

"कोणी नाही."

"व्हय? मला तर वरडायला गाव हुतं, त्यानं कुणाला हाक मारायची?" त्या म्हणाल्या.

एकटेपणामुळं गुन्हा माफ होतो, असं मी कधी मानलं नाही. वाटेत पडलेल्या माणसाला सोडून जाणं ते सोडून जाणंच. पण त्यानंतर समोर कोणीही आरोपी बसला, तरी मी 'कुठं होतास' हे नंतर विचारू लागलो. आधी विचारायचो, 'घरी कोण कोण असतं?' पुष्कळ जण या प्रश्नावर आधी घरचं आणि मग आपसूक गुन्ह्याचं बोलू लागत, आणि तपास बहुतेक वेळा तिथूनच पुढं सरके.