वावरातला वारा

आण्णा कुणाच्याही घरी आले की आधी ऊदबत्ती मागायचे. पेटवायचे, पण देवासमोर न्यायचे नाहीत. दाराच्या फटीशी धरायचे, खिडकीशी धरायचे, पलंगाखाली वाकून धरायचे आणि डोळे बारीक करून धुराकडे बघत राहायचे. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा आईने हात जोडले. तिला वाटलं, वास्तूची शांत चालली आहे. मला वाटलं, पलंगाखाली ढेकूण झाले असावेत. दोघांचंही चुकलं होतं. आईला पाच मिनिटांत कळलं. माझं चुकणं पुढे बरेच दिवस चाललं.

आम्ही पुनावळ्यात फ्लॅट घेतला तेव्हा आतल्या खोलीची खिडकी ज्वारीच्या शेताकडे उघडायची. बिल्डरचा माणूस म्हणाला, "हवा बघा साहेब, हवा!" मी हवा बघून सही केली. दोन वर्षांत त्या हवेत सात मजली इमारत उभी राहिली, इतक्या जवळ की खिडकीतून हात काढला तर समोरच्या भिंतीला लागावा. त्या खोलीत आई झोपायची. वडील गेल्यावर मी तिला सेलूहून इकडे आणलं होतं. ती उठून बसायची, छातीवर हात ठेवायची. "डबीत ठेवल्यासारखं वाटतं रे," म्हणायची. डॉक्टरांनी छाती तपासली, काही निघालं नाही. मग एक दिवस तिने जाहीर केलं, "पंधरा दिवस बघते. नाहीतर मी आपली सेलूला जाते." सेलूला रिकामं घर, आणि आईचं बीपी.

कुणीतरी आण्णांचं नाव सांगितलं. आण्णा मूळचे पुनावळ्याचे. चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला उभी हयात काढून रिटायर झालेले. भंगारातल्या कॉम्प्युटरचे तळहाताएवढे पंखे ते फळीवर बसवत आणि ती फळी खिडकीत. पंखे चालायचे ते घरातल्याच जुन्या अडाप्टरवर. प्रत्येक घरात असते तशी आमच्याही माळ्यावर अडाप्टरांची पिशवी होती. राउटर मेला, सेटटॉप बॉक्स गेला, अडाप्टर मात्र टाकवले नव्हते. आण्णांनी एकेक काढून भिंगातून बारीक अक्षरं वाचली.

"पंख्यावर बारा व्होल्ट लिवलंय, तर अडाप्टर बी बाराचाच. त्यात मागंपुढं न्हाई करायचं. अँपिअर मातूर जास्ती असला तरी चालतंय."

"व्होल्ट जास्त चालत नाही, आणि अँपिअर जास्त चालतं?"

"व्हय."

"का?"

"पाव्हणं, तुमच्याम्होरं पातेलंभर भात ठिवला तरी तुमी पोटापुरताच खाणार. पण कुणी जोर लावून घास कोंबाया लागला, तर?"

मी मान डोलावली. त्यातला भात म्हणजे व्होल्ट की अँपिअर, हे मला आजही विचाराल तर मी विषय बदलीन.

(पाव्हणं हे त्यांचं बाहेरून आलेल्या सगळ्यांना लावायचं संबोधन. वीस वर्षं इथे राहिलो, घर घेतलं, मुलीचं लग्न केलं, तरी मी पाव्हणाच.)

पंखे ठेवून, "ऐतवारी येतो, हात लावू नका," असं बजावून ते गेले. शनिवारी आईने पिशवी भरायला घेतली. नऊवारी, औषधं, जपमाळ. ती जपमाळ आत गेलेली बघितली आणि मी पंख्याला हात लावला. लॅपटॉपचा जुना अडाप्टर सगळ्यांत मोठा होता. एकोणीस व्होल्ट. मोठा म्हणजे चांगला. पंख्याचं तोंड आत ठेवलं, कारण हवा आईला पाहिजे होती, भिंतीला नव्हे. बटण दाबताच पंखा असा किंचाळला की आई देवाचं नाव घेत दारात आली. आधी समोरच्या इमारतीतल्या सुकटीचा वास खोलीभर झाला. मग जळका वास. मग शांतता.

"आता तिकीट काढ," आई म्हणाली. माळकरी बाई, तिच्या खोलीत सुकट.

आण्णा रविवारी आले. पंखा नाकाशी धरला. "मेला," म्हणाले. "पण काम करता करता मेला."

मग त्यांनी दुसरा पंखा घेतला, बारा व्होल्टचा अडाप्टर जोडला आणि फळी बसवली, ती पंख्यांचं तोंड बाहेर करून.

"आण्णा, आईला हवा पाहिजे. तुम्ही आहे तीसुद्धा बाहेर टाकताय!"

"जुनी जाऊ द्या. नवी काय आवतनाची वाट बघत बसती व्हय?" असं म्हणून त्यांनी दार बिजागरीतून उतरवलं आणि खालून दोन बोटं कापलं. नव्या दाराला करवत लागली तेव्हा माझ्या बायकोचा चेहरा बघवत नव्हता.

"आक्का, तुमी धरा," म्हणत त्यांनी ऊदबत्ती आईच्या हातात दिली. आई दाराशी बसली. धूर जरा घुटमळला, मग पलंगावरून तिरका होत थेट खिडकीबाहेर गेला. "अगं बाई, चाललाय की!" आई म्हणाली. ती कितीतरी वेळ तशीच बघत बसली. संध्याकाळी जपमाळ खुंटीवर परत आली होती.

चहा घेताना तिने विचारलं, "दुसऱ्यांच्या घरासाठी एवढं कशाला झिजता, भाऊ?"

आण्णांनी बशी खाली ठेवली. समोरच्या भिंतीकडे बोट केलं. "ते माझं वावर, आक्का. इकताना सगळं वाचून घेतलं. किती गुंठं, कुणाच्या हद्दीला लागून, समदं. त्याच्यावरनं तुमच्या खिडकीत वारा येत व्हता, ते कुठंच लिवलं नव्हतं. जमीन माझी व्हती, इकली. वारा तुमचा व्हता. त्यो बी संगं गेला." बशी पुन्हा उचलत म्हणाले, "ह्या बाजूला सतरा खिडक्या हायेत. ही नववी."

मग सतरा झाल्या. त्यानंतरच्या हिवाळ्यात आण्णा गेले. दोन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं.

तेराव्याला मी आणि आई त्यांच्या घरी गेलो. त्याच सात मजली इमारतीत, जमिनीच्या बदल्यात मिळालेला फ्लॅट. फोटोपुढे ऊदबत्ती लावली होती. आई आणि मी, दोघंही सवयीने धुराकडे बघत बसलो. धूर सरळ वर गेला आणि छताखाली तसाच साचून राहिला. खिडकीत फळी नव्हती.

"म्हणायचे, वावर आपण इकलं, आपल्याला कसला वारा," काकू, म्हणजे आण्णांच्या पत्नी, म्हणाल्या.

आईने मला कोपराने ढोसलं.

पुढच्या रविवारी मी माळ्यावरची पिशवी, भंगारातून आणलेला एक पंखा आणि फळी घेऊन गेलो. बारा आणि बारा तीनदा वाचलं. पंख्याच्या कडेला हवेच्या दिशेचा बारीक बाण असतो, तोही बघितला. फळी बसवली, बटण दाबलं. काकू ऊदबत्ती धरून बसल्या होत्या.

"पाव्हणं, धूर माझ्याच तोंडावर येतोय."

बसवताना मी फळी फिरवली होती. बाणही तिच्याबरोबर फिरला होता. मी कान धरले.

"असू द्या," काकू डोळे पुसत हसल्या. "त्यांचा बी पयला उलटाच बसला व्हता. म्हणले, कुणाला सांगू नगंस."

मी फळी सुलट केली. फोटोसमोर साचलेला धूर हलला, खिडकीकडे वळला आणि बाहेर पडला.