कमलक्का आणि शुक्रवारची बस

माझी नणंद कमलक्का उदगीरला विभूती, कापूर आणि बांगड्यांचं दुकान चालवते. समुद्र तिनं उभ्या आयुष्यात एकदाच पाहिला, धाकट्या भावाचं प्रेत आणायला गेली तेव्हा. तो भाऊ म्हणजे माझा नवरा, वीरण्णा.

वीरण्णा विहिरीत पडलेल्या पाण्याच्या मोटारी काढायचा. कमरेला दोर बांधून तळाशी जायचा आणि वर येऊन चहा मागायचा. अशा माणसाला आनंदराज नावाच्या सहलवाल्यानं समुद्राखालचे मासे दाखवायला कोकणात नेलं. वीरण्णा पाण्यातच गेला आणि आनंदराजनं गावभर सांगितलं, "घाबरला ओ. तोंडातली हवेची नळी त्यानंच काढून टाकली." मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात. आमच्या मेलेल्या माणसाच्या वाट्याला मात्र भित्रेपणा आला. मी चप्पल घेऊन निघाले होते. अक्कानं हात धरला. "चपलेनं दोन दिवस दुखंल," ती म्हणाली. "मला त्याला जल्मभर दुखवायचंय."

खरं काय घडलं ते तिला तिथल्या नावाड्यानं सांगितलं होतं. आमच्याकडे पाण्याची पारख वाऱ्यावरून. वारा पडला की विहीर निवांत, तलाव निवांत. समुद्राचं तसं नसतं. दूर दक्षिणेला कुठंतरी वादळ होतं आणि तिथून निघालेली लाट कित्येक दिवस चालत येते. इथं तेव्हा ऊन लख्ख असतं, पानही हलत नाही. वरून पाणी नुसतं सावकाश वरखाली होताना दिसतं, पण खाली खडकापाशी तेच पाणी माणसाला पुढं ओढतं, मागं फेकतं, आणि वाळू उठून स्वतःचा हात दिसत नाही. त्या दिवशी नावाडी "आज नको" म्हणाला होता. आनंदराजनं ऐकलं नाही, कारण वारा नव्हता आणि मंडळींना संध्याकाळी परत निघायचं होतं. वीरण्णाही हसत उतरला. तोही विहिरीचाच माणूस. खडकावर डोकं आपटलं आणि नळी सुटली. एवढं सांगून नावाडी म्हणाला, पोटाचा प्रश्न आहे, चारचौघांत मी हे बोलणार नाही.

मग अक्का त्याच नावाड्याला फोन करून करून मोबाइलवरचा लाटांचा अंदाज वाचायला शिकली. लाट किती उंच एवढंच बघून चालत नाही. एक लाट गेल्यावर दुसरी यायला जितका जास्त वेळ, तितकी ती लांबून आलेली आणि तितकी खोलवर ढवळणारी. दर शुक्रवारी संध्याकाळी आनंदराजची बस सुटायच्या आधी अक्का दारापाशी जाऊन उभी राहायची. कपाळावर विभूतीचे पट्टे, हातात मोबाइल. "उद्या पाण्यात उतरू नका," नाहीतर "जा, निवांत हाय." खोटं एकदाही बोलली नाही. खोट्यानं सूड नासतो, म्हणायची. लोक आधी हसले. मग तिचं न ऐकता गेलेली मंडळी हातपाय सोलून, ओकत परत आली आणि त्यानंतर जो तो तिच्या तोंडाकडं बघूनच बसमध्ये चढायला लागला. आनंदराज तिला वेडी म्हणायचा, पोलिसांची भीती घालायचा. त्याचा तो जळफळाट बघून मला फार बरं वाटायचं.

यंदा एका शुक्रवारी आनंदराजची मुलगी ऋतुजा मैत्रिणींबरोबर बसमध्ये जाऊन बसली. अक्कानं तिला पाहिलं, मोबाइल पाहिला, कमरेला खोचला आणि शेजारच्या कट्ट्यावर माझ्याजवळ येऊन गप्प बसली.

लोकांनी विचारलं. अक्का बोलेना. चढलेले दोघंतिघं खाली उतरले. "चला, बसा, वारा न्हाई काई न्हाई!" आनंदराज ओरडला आणि स्वतःच्याच वाक्यावर अडखळला. चोराच्या मनात चांदणं. तो मुलीला म्हणाला, "उतर तू. पुढच्या बारीला जा."

"कामून?" ऋतुजा म्हणाली. "तुमीच म्हणता ना, ती बाई येडी हाय?"

ती जागची हलली नाही. आनंदराज अक्कापुढं येऊन उभा राहिला.

"अक्का, कामून गप बसल्या? उद्या लाट हाय का?"

"वीरण्णा कसा मेला?"

"पोरगी हाय ओ माझी गाडीत."

"माझा भाऊ होता. मोठ्यानं सांग."

त्यानं बसकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं.

"वीरण्णा भेला न्हाई," तो म्हणाला. "नावाड्यानं मला नको म्हणून सांगितलं होतं. लाट यायली होती. मीच उतरवलं त्याला." ऋतुजा तोवर बसच्या दारात आली होती. तिनं सगळं ऐकलं.

अक्का उठली, पदर झटकला.

"उद्या समुद्र निवांत हाय," ती म्हणाली. "जा घेऊन पोरीला."

ऋतुजानं बॅग उचलली, खाली उतरली आणि बापाच्या शेजारून, त्याच्याकडं न बघता, घरच्या रस्त्याला लागली. मला त्या पोरीची कीव आली. त्याची आली नाही, अजूनही येत नाही.