अनध्यायाचं इंग्रजी

बनारसच्या आमच्या दूधविनायकाच्या गल्लीत काही म्हणजे काही साठवून ठेवता येत नाही. पापड वाळत घातले तर माकडं नेतात, चपला दाराबाहेर ठेवल्या तर कोणीतरी घालून जातं. साठतात ते फक्त किस्से! कॉलेजात इंग्रजी शिकवून रिटायर झाले आणि वरच्या खोलीत एन्ट्रन्सवाली मुलं बसवायला लागले, तेव्हा वाटलं होतं, चार शब्द शिकवू, दोन उतारे वाचून घेऊ, संध्याकाळी निवांत घाटावर जाऊ. आता घाटावर गेलं की नाववाले विचारतात, "क्या दीदी, आज क्या हुआ?" आणि मी सांगत बसते.

ही एन्ट्रन्स म्हणजे बाहेरच्या देशात पुढचं शिकायला जाणाऱ्यांची. कॉम्प्युटरसमोर बसायचं, लांबच लांब उतारे वाचायचे, खालच्या प्रश्नांची उत्तरं निवडायची. आणि ते शब्द! देवा रे! आयुष्यभर इंग्रजी शिकवून मलाही त्यातले कितीतरी डिक्शनरीत बघावे लागतात. बाकीच्या मुलांचं ठीक होतं, नाही जमलं तर इथे काहीतरी केलं असतं. जीव टांगणीला लागला होता तो एकट्या दिगंबरचा. त्याच्याकडे येतेच, पण आधी नंदूचं ऐका.

*

नंदू म्हणजे रेल्वेवाल्यांचा. वडील भुसावळहून बदलून आलेले, त्यामुळे वर्गात सगळ्यात शुद्ध मराठी त्याची आणि सगळ्यात कच्चं इंग्रजीही त्याचंच. मी म्हटलं, "अरे, शिंदे घाटावर एवढे गोरे हिंडतात, जरा बोलत जा त्यांच्याशी. तोंड उघडेल."

माझं म्हणणं होतं की गप्पा मार. हा पठ्ठ्या शब्दांचं पुस्तक घेऊन गेला! पायरीवर एक म्हातारा इंग्रज शांतपणे गंगा बघत बसला होता. त्याला वाटलं नावेत बसवायला आला, म्हणून तो आधी "नो बोट, नो बोट" म्हणाला. नंदू म्हणाला, "नो बोट सर, ओन्ली मीनिंग." आणि एकेक शब्द विचारायला लागला. पल्क्रिट्यूड? म्हाताऱ्याने मान हलवली. ऑब्सिक्वियस? जरा आठवल्यासारखं केलं आणि परत मान हलवली. नंदूने उदारपणे त्याला आणखी एक चान्स दिला.

संध्याकाळी वर आला तो तोंड पाडूनच. म्हणाला, "मावशी, फेल झाला तो. आणि राहतो चक्क लंडनमध्ये! त्याला कसं घेतलं तिकडे?"

*

ते शब्दांचं पुस्तक सगळ्यांत मिळून एकच होतं, उशीएवढं जाड. वर्गातली मुक्ता ते घेऊन छतावर बसली होती. तिने खूण म्हणून पानांत काय ठेवावं? केळ्याचं साल! मग काय, आलंच माकड.

आता बनारसमध्ये माकडाशी व्यवहार कसा करायचा हे पोराटोरांना ठाऊक आहे. चणे टाकायचे, ते वस्तू टाकतं. नंदूने चणे टाकले. माकडाने चणे खाल्ले आणि पुस्तकही सोडलं नाही. समोरच्या गच्चीच्या कठड्यावर बसून एकेक पान फाडून खाली सोडत होतं, मध्येच एखाद्या पानाकडे बघून डोकंही खाजवत होतं. मुक्ता म्हणाली, "बघा मावशी, आपल्यापेक्षा मन लावून करतोय." पुस्तक परत मिळालं, पण एम ते पी गायब.

पुढच्या आठवड्यात सराव परीक्षा घेतली. नंदूने अर्धा पेपर कोराच ठेवला. मी संतापले. "हे काय? एवढे शब्द सोडलेस?"

"मावशी, ते सगळे माकडाकडे आहेत!"

*

मुक्ताचं दुखणं वेगळंच. तिचे वडील न्यायशास्त्राचे, म्हणजे तर्कशास्त्राचे, पंडित. घरात भाजीला मीठ कमी झालं तरी आधी पूर्वपक्ष मांडला जातो, मग मीठ घालतात. अशा मुलीपुढे उतारा आला. लेखकाचं म्हणणं, शहरातल्या दिव्यांमुळे मधमाश्या कमी झाल्या. प्रश्न होता, खालीलपैकी कोणत्या विधानामुळे हा युक्तिवाद दुबळा होतो?

मुक्ता म्हणाली, "युक्तिवाद आहेच कुठे मावशी? मतलब, दिवे आहेत आणि माश्या नाहीत, म्हणून दिव्यांमुळे नाहीत? आमच्या गलीत दिवेही नाहीत आणि माश्याही नाहीत!"

"अगं बाई, पर्याय निवड आणि पुढे जा. लेखकाला हरवायचं नाहीये."

"मग तो बोलतो कशाला?"

तेवढ्यात तिचे वडील तिला न्यायला आले. दारातच उभे राहून म्हणाले, "काय विषय आहे?" मी मूर्खपणाने उतारा मराठीत सांगितला. त्यांनी ताबडतोब लेखकाची बाजू घेतली! बाप-लेकीचं जे जुंपलं, ते खाली देवळात आरतीची घंटा वाजेपर्यंत. घड्याळ लावून चटकन सोडवायचा एक प्रश्न होता तो! जाताना पंडितजी मला म्हणाले, "शैलाताई, परीक्षा चांगली आहे. फक्त वेळ फार कमी देतात."

*

आता दिगंबर. दुर्गाघाटावरच्या गुरुजींचा एकुलता एक. घराण्यात वेद पाठ करण्याची परंपरा, आणि हा मुलगा लहानपणापासून पाठही करत होता, युनिव्हर्सिटीत भाषाशास्त्रही शिकत होता. परदेशातल्या एका प्रोफेसरांना त्याचं काम आवडलं. या म्हणाले, फक्त एन्ट्रन्सचे मार्क आणा.

गुरुजी माझ्याकडे आले. शांत माणूस, पण शब्द म्हणजे शब्द. "ताई, मी त्याला अडवत नाही. दोनदा परीक्षा देऊ दे. नाही जमलं तर मात्र घरची गादी सांभाळायची, माझे यजमान त्याने बघायचे. मग परत हा विषय नाही." दिगंबर शेजारी मान खाली घालून उभा होता. त्याला ते शिकायला किती जायचं होतं हे त्याच्या कानांच्या लाल रंगावरून कळत होतं.

"आणि इंग्रजी अनध्यायाच्या दिवशी," गुरुजी म्हणाले.

अनध्याय म्हणजे वेद म्हणायला बंदी असलेले दिवस. प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा, अमावास्या. बाकीचे दिवस वेदाचे, हे इंग्रजीचे! म्हणजे माझा टाइमटेबल आता पंचांगावर. कोणी विचारलं, "पुढचा क्लास कधी?" की मी कालनिर्णय उघडायची. एकदा नंदू म्हणाला, "मावशी, नशीब की अमेरिकेत पंचांग नसतं, नाहीतर तिकडची माणसं अष्टमीपर्यंत बोललीच नसती."

*

दिगंबरची पाठांतराची ताकद बघून मी हबकले. अख्खी शब्दांची यादी तोंडपाठ! एम ते पीसुद्धा. मुक्ताने गल्लीतून गोळा करून चिकटवलेली चुरगळलेली पानं त्याने एका अमावास्येत संपवली. नुसती सरळ नाही हं. वेदाला करतात तशी पहिला-दुसरा, दुसरा-पहिला, परत पहिला-दुसरा, अशी वीण घालून. मी आनंदाने विचारलं, "वा! मग सांग, टॅसिटर्न म्हणजे काय?"

त्याने डोळे मिटले आणि 'ए'पासून सुरुवात केली.

मी म्हटलं, "अरे, मधूनच सांग ना!" तो कळवळून म्हणाला, "मधून कसं सांगणार मावशी? मधून तुटतं ते." सराव परीक्षेची वेळ संपली तेव्हा महाराज 'डी'वर होते.

ते सोडवलं. चिठ्ठ्या केल्या, शब्द उलटसुलट विचारले, दोन महिने डोकं फोडलं. पण खरी पंचाईत पुढेच होती. त्यांच्या वेदाच्या शाखेत स्वर हाताने दाखवतात. आवाज चढला की हात वर, उतरला की खाली. पाचव्या वर्षापासूनची सवय. त्याला मनात वाचायला सांगितलं की ओठ बंद व्हायचे आणि उजवा हात सुरू! मधमाश्यांच्या उताऱ्यावरही हात आपला वर, खाली, बाजूला. आम्हाला गंमत वाटायची. मी काही बोलले नाही, आणि तेच चुकलं.

*

पहिली परीक्षा. सेंटरवरचा सुपरवायझर मागून आला आणि म्हणाला, "इशारा किसको कर रहे हैं?"

"किसी को नहीं सर. पढ़ रहा हूँ."

"हाथ से पढ़ते हैं?"

आता यावर खरं उत्तर 'हो' होतं, ते कसं देणार! दुसऱ्यांदा वॉर्निंग मिळाली तेव्हा दिगंबर हात मांडीखाली दाबून बसला. आणि त्याला एक ओळ वाचता येईना. अक्षरं दिसत होती म्हणे, पण पुढे सरकत नव्हती. मार्क फारच कमी पडले. मला फार वाईट वाटलं. मुलगा माझ्या खोलीत बसून खिडकीबाहेर बघत राहिला, आणि मी त्याला दोनदा चहा दिला, एवढंच सुचलं.

*

पुढच्या अष्टमीला गुरुजी स्वतः जिना चढून आले. त्यांनाही अनध्याय, दुसरं काम नाही. दिगंबरच्या शेजारी सतरंजीवर बसले, त्याचा उजवा हात आपल्या हातात घट्ट धरला आणि म्हणाले, "वाच आता."

ज्या माणसाने तो हात लहानपणी धरून वर-खाली करायला शिकवला, तोच आता थांबवायला बसला! गुरुजींना इंग्रजीचं एक अक्षर येत नाही. पण एक अनध्याय चुकवला नाही त्यांनी. हळूहळू दिगंबरला जमायला लागलं. एकदा मात्र मी बघते तर दोघांचेही हात जोडीने वर-खाली चाललेत. नंदू हळूच म्हणाला, "मावशी, कोण कोणाला धरतंय?"

*

दुसऱ्या परीक्षेच्या आधी नंदूनेच अक्कल लढवली. "हात रिकामा ठेवूच नको ना यार! माउस धर, पक्का धर, सोडूच नको."

दिगंबरने सोडला नाही. उतारा वाचताना हात हललाच थोडा, मग पडद्यावरचा बाणही वर, खाली, बाजूला. तोच सुपरवायझर मागे येऊन उभा. साहेब थोडा वेळ बघत राहिले आणि एकदम ओशाळून म्हणाले, "सॉरी, माउस ख़राब है इसका. अभी बदलवा देता हूँ."

नवीन माउस आला. तोही तसाच निघाला!

*

मार्क आले, चांगले आले. पण प्रोफेसरांना आधी बोलायचं होतं, त्यावर शेवटचं ठरणार होतं. व्हिडिओ कॉल माझ्याच खोलीत ठेवला. गुरुजी म्हणाले, "मी मागे बसतो, आवाज करणार नाही." केला नाहीच.

प्रोफेसरांनी काम विचारलं, दिगंबर नीट बोलला. मग त्यांनी पडद्यावर एक परिच्छेद दाखवला आणि मोठ्याने वाचायला सांगितला. दिगंबरने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. वाचायला लागला. हात जागचा हलला नाही!

अर्ध्यावर प्रोफेसर म्हणाले, "एक्सक्यूज मी. तुमच्या मागे एक गृहस्थ आहेत, ते बराच वेळ हात वर करतायत. त्यांना काही विचारायचंय का?"

दिगंबरने मागे वळून पाहिलं. गुरुजी डोळे मिटून बसले होते आणि त्यांचा उजवा हात वर, खाली, बाजूला चालला होता.

"नो सर," दिगंबर म्हणाला. "ही इज माय फादर. ही इज रीडिंग विथ मी."

मग प्रोफेसर म्हणाले, "प्लीज, चालू द्या. दोघांचंही." परिच्छेद संपल्यावर म्हणाले, सप्टेंबरमध्ये भेटू, आणि कॉल बंद झाला. दिगंबर काळ्या पडद्याकडे बघत बसला.

गुरुजी उठले, उपरणं सावरलं आणि माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "ताई, शेवटी शेवटी एका जागी हात चुकला. माझा, त्याचा नाही. त्याचे मार्क तर नाही ना कापले?"