झेंडूचा बोळा

"ती बोंबलती तवर भ्यायचं न्हाई, गप बसवली की भ्या," बोटीचा जुना चालक कुशाबा एकदा म्हणाला होता. बोटीच्या मोटरीचा भोंगा वाजायला लागला आणि बोट चालवणाऱ्या सोसायटीच्या चेअरमनने, जनार्दनने, "ती वायरच तोडा" असं सांगितलं, तेव्हा.

ते २००४ साल. मुळशी धरणाच्या पाण्यावर पलीकडच्या दोन वाड्यांसाठी एकच बोट होती. तिची मोटर वीस वर्षांची, मुंबईहून जुनी आणलेली. फार तापली की आतला भोंगा वाजे. कुशाबाच्या आज्याचं शेत त्याच पाण्याखाली होतं आणि कुशाबा त्यावरून दिवसातून आठ वेळा जाई. खाली बघत नसे.

दसऱ्यानंतर भोंगा रोज वाजू लागला. तेव्हा मात्र कुशाबाने मोटर न उघडताच सांगून टाकलं, "अमोलनं काठाला गाळात घातली असंल. गाळ ओढला तिनं." अमोल दुसऱ्या पाळीचा चालक. या एका वाक्यावर त्याला घरी बसवलं. रविवारच्या बैठकीत त्याच्या जागी नवा माणूस ठरणार होता. जाताना तो कुशाबाला एवढंच म्हणाला, "तात्या, उघडून तरी बघायचं हुतं."

शनिवारी दुपारी कुशाबाने मोटर अंगणात आणून पाण्याने भरलेल्या पिंपावर चढवली. पायरीवरून त्याची बायको धोंडाबाई बघत होती.

"माझा स्टो दोन म्हयनं भडकतोय. त्याच्याम्होरं न्हाई कवा असं वाकला."

"तुझा स्टो बोंबलतोय का?"

"मी बोंबलती की!"

मोटर चालू केली. मोटर थंड ठेवणाऱ्या पाण्याची मागच्या भोकातून करंगळीएवढी धार यायला हवी, ती सुतासारखी आली. भोकात तार घातली. भोक मोकळं होतं. थोड्या वेळाने मोटरीच्या डोक्यावर पाण्याचे थेंब टाकले. ते चर्र करून उडाले. म्हणजे भोंगा खोटं बोलत नव्हता. पाणी आत घेणारी जाळी स्वच्छ होती. मग त्याने मोटरीचा खालचा पाय सोडवला आणि पंप उघडला. रबरी पाती नव्यासारखी गुळगुळीत. गाळ ओढला असता तर त्यांच्यावर ओरखडे पडले असते, कोपऱ्यात वाळू साचली असती. कुशाबाने बोट फिरवून पाहिलं. एक कण लागला नाही.

मग पंपावरच्या तांब्याच्या नळीत तार घातली. आतून काळा, कुजलेला बोळा निघाला. बोटांनी उकलला, तर दोरा आणि झेंडूच्या पाकळ्या.

"काय घावलं?" धोंडाबाईने विचारलं.

कुशाबाने बोळा बाजूला ठेवला. मोटर जुळवून चालू केली. धार जाड आली, अर्धा तास भोंगा वाजला नाही. संध्याकाळी तो जेवला नाही.

रविवारी सोसायटीच्या खोलीत आठ-दहा माणसं होती. अमोल दाराशी उभा. कुशाबाने तो बोळा जनार्दनपुढच्या कागदावर ठेवला.

"हे काय आणलं?"

"मोटरीच्या नळीत हुतं. गाळाचा कण न्हाई."

"झेंडू? आन् तितं कसा गेला?"

"खंडेनवमीला हार कोन घालतंय?"

मोटरीची पूजा दरवर्षी कुशाबाच करी. हार न काढता पाण्यात एक फेरी मारायची, हा नेमही त्याचाच.

"पर दरसाली घालताच की," जनार्दन म्हणाला.

"औंदा मोठा केला. खाली गुंडाळला, पार जाळीवर. ओढला तिनं. आन् नाव घेतलं मी ह्याचं."

जनार्दनने बोळा कागदाच्या टोकाने बाजूला सारला. "जाऊ द्या, तात्या. ह्या वयात हुतंय. नवा माणूस सांगून ठेवलाय, तो येऊ दे. तुमी हाव तसं ऱ्हावा. अमोलचं बघू म्होरं."

"तात्यास्नी काय बोलू नका," अमोल दारातून म्हणाला.

कुशाबाने कनवटीला असलेली आपल्या पाळीची किल्ली काढली. ती अमोलच्या तळहातावर ठेवली, त्याची बोटं आपल्या हाताने मिटली, चपला पायात सरकवल्या आणि बाहेर पडला.